राम गणेश गडकरी : सावनेरचा विश्रांतिकाळ आणि ‘भावबंधन’

१

राम गणेश गडकरी यांचे २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे देहावसान झाले. त्या वेळी त्यांना चौतिसावे वर्ष चालू होते. क्षयाच्या विकाराने खंगलेले गडकरी हवापालट आणि विश्रांतीसाठी आपल्या बंधूंकडे सावनेरास येऊन राहिले होते, आणि तेथेच त्यांनी ‘भावबंधन’ हे आपले अखेरचे पूर्ण नाटक हातावेगळे केले. नाटकाचा शेवटचा प्रवेश लिहून झाला आणि त्यानंतर काही तासांतच लेखकाने जगाचा निरोप घेतला, अशी हकीकत त्यांच्याविषयीच्या लेखनातून पुन्हा पुन्हा सांगितली गेली आहे. पदव्युत्तर वर्गाच्या उत्तरपत्रिकांत गडकऱ्यांवरील प्रश्नाचे उत्तर कोठूनही सुरू झाले तरी बहुधा याच प्रसंगाशी येऊन थांबते, हा अध्यापकांचा नेहमीचा अनुभव आहे.

या हकीकतीतील नाट्य एवढे प्रभावी आहे की, तिच्यामुळे काही साधे प्रश्न विचारावयाचेच राहून जातात. विश्रांतीसाठी आलेला रुग्ण लिहीत का बसला? हाती एकाहून अधिक नाटके असताना त्याने हेच नाटक पुरे करावयास का घेतले? मृत्यूच्या छायेत पुऱ्या झालेल्या या कृतीचा शेवट सुखाचा कसा? आणि मुख्य म्हणजे, आजारपणातील सक्तीच्या रिकामपणाने गडकऱ्यांच्या लेखनाला नेमके काय दिले? या प्रश्नांच्या अनुरोधाने गडकऱ्यांच्या जीवनक्रमाकडे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

२

गडकरी यांचा जन्म २६ मे १८८५ रोजी गुजरातेतील नवसारी येथे झाला. त्यांचे बालपण गुजराती वातावरणात गेले. पुढे ज्या लेखकाच्या हाती मराठी भाषेने अलंकारांचे, अनुप्रासांचे आणि कोट्यांचे सारे वैभव प्रकट केले, त्याच्या बालपणी सभोवार दुसऱ्याच भाषेचा व्यवहार होता, ही गोष्ट त्यांच्या भाषेविषयी विचार करताना ध्यानी घ्यावयास हवी. घरात आयती लाभलेली वस्तू माणूस सहजपणे वापरतो. प्रयत्नपूर्वक मिळवलेली वस्तू तो निरखून पाहतो, उलटसुलट करून पाहतो. गडकऱ्यांचे शब्दांशी असलेले नाते या दुसऱ्या प्रकारचे आहे, असे त्यांच्या गद्यावरून म्हणावेसे वाटते.

आठव्या वर्षी त्यांचे पितृछत्र हरपले. कुटुंबाची आर्थिक स्थिती बेताची होती. शिक्षणासाठी ते पुण्यास आले, प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण होऊन फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. परंतु गणिताशी त्यांचे सूत जमले नाही आणि महाविद्यालयीन शिक्षण अर्ध्यावर सुटले. विसाव्या वर्षाच्या आगेमागे, हाती पदवी नाही आणि पाठीशी पैसा नाही अशा अवस्थेत, ते किर्लोस्कर नाटक मंडळीत बालनटांचे शिक्षक म्हणून रुजू झाले. मुलांना अक्षरओळख करून द्यावी, त्यांचे उच्चार शुद्ध करावेत आणि पाठांतर करून घ्यावे, असे हे काम होते. त्यामुळे नाटककार होण्यापूर्वी गडकऱ्यांना नाट्यलेखनाची एक बाजू अगदी जवळून पाहावयास मिळाली. वाक्य नटाच्या तोंडी कसे बसते, कोठे अडखळते, कोणत्या शब्दावर प्रेक्षागृह हलते, हे सारे त्यांनी रंगपटात आणि तालमींत पाहिले.

त्यांनी ज्यांना गुरू मानले ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे मूळचे नागपूरचे. १८७१ मध्ये नागपुरात जन्मलेल्या कोल्हटकरांनी वकिलीच्या निमित्ताने आयुष्याचा मोठा भाग वऱ्हाडात, खामगाव आणि जळगाव-जामोद येथे व्यतीत केला. पल्लेदार, कोटिबाज संवाद आणि कल्पनाप्रधान विनोद ही त्यांची देणगी गडकऱ्यांनी शिष्यभावाने स्वीकारली. गडकरी अखेरच्या आजारात विदर्भात आले ते कौटुंबिक कारणाने हे खरे. तथापि त्यांच्या वाङ्मयीन घडणीशी या प्रदेशाचा संबंध त्याआधी कितीतरी वर्षे जडलेला होता.

३

गडकऱ्यांनी तीन नावांनी तीन प्रकारचे लेखन केले. नाटके स्वतःच्या नावाने, कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने आणि विनोदी लेख ‘बाळकराम’ या नावाने. यांपैकी बाळकरामाचे लेखन प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष अर्थपूर्ण आहे. तिंबूनानांच्या ठकीसाठी वर शोधण्याची जी मोहीम त्यांनी रंगवली, तिच्याशी निगडित असलेल्या लेखनाचे नाव ‘रिकामपणची कामगिरी’ असे आहे. रिकामा वेळ आणि कामगिरी या दोन परस्परविरोधी गोष्टी एकत्र आणून त्यांतून हास्य निर्माण करणे, ही येथील युक्ती. ज्यांना काही उद्योग नाही तेच सर्वांत मोठ्या धामधुमीत गुंतलेले असतात, हे बाळकरामाचे निरीक्षण आहे. लेखकाच्या आयुष्याच्या अखेरीस याच शब्दांना एक वेगळा, गंभीर अर्थ प्राप्त व्हावा, हा योगायोगाचा भाग झाला.

नाटककार म्हणून त्यांचे नाव झाले ते ‘प्रेमसंन्यास’ या नाटकाने. १९१२ मध्ये महाराष्ट्र नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. विधवेच्या प्रश्नाला हात घालणाऱ्या या शोकनाट्यात विसराळू गोकुळचे पात्र घालून त्यांनी करुण आणि हास्य यांची जी सांगड घातली, ती पुढे त्यांची ओळख ठरली. त्यानंतर १९१६ मध्ये किर्लोस्कर मंडळीने ‘पुण्यप्रभाव’ केले. १९१७ च्या सुमारास ‘एकच प्याला’ लिहून झाले. ते गंधर्व नाटक मंडळीसाठी होते आणि त्यातील पदे वि. सी. गुर्जर यांनी रचली. चौथे पूर्ण नाटक ‘भावबंधन’ हे बळवंत संगीत मंडळीसाठी लिहिले गेले. ‘राजसंन्यास’ आणि ‘वेड्यांचा बाजार’ ही नाटके अपुरी राहिली.

या यादीतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, त्यांची चारही पूर्ण नाटके चार वेगवेगळ्या मंडळींकडे गेली. त्या काळी नाटक ही एका विशिष्ट मंडळीतील विशिष्ट नटांसाठी आखलेली वस्तू असे. त्यामुळे प्रत्येक नाटकामागे कोणाला तरी दिलेला एक शब्द होता. दुसरी गोष्ट अशी की, पहिल्या आणि दुसऱ्या यशस्वी नाटकात चार वर्षांचे अंतर आहे, आणि त्यानंतरच्या जेमतेम अडीच वर्षांत दोन पूर्ण नाटके झाली. शेवटची वर्षे प्रकृतीच्या दृष्टीने सर्वांत वाईट आणि लेखनाच्या दृष्टीने सर्वांत भरीव होती.

४

या काळातील क्षयरोगाचे स्वरूप आज आपल्याला समजून घ्यावे लागते. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये या रोगाचा जंतू शोधून काढला होता. परंतु त्यावर उपयोगी पडणारे स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडले. मधल्या साठ वर्षांत रोगाचे कारण ठाऊक होते आणि औषध मात्र नव्हते. मोकळी व कोरडी हवा, पौष्टिक आहार आणि पूर्ण विश्रांती एवढाच काय तो उपचार. हवापालट हा शब्द त्या पिढीच्या घराघरांत ज्या अर्थाने बोलला जाई, त्यात आशा आणि हतबलता दोन्ही सामावलेल्या असत.

१९१८ हे वर्ष तसेही वाईट होते. महायुद्धाची महागाई होती. मराठी कवितेचे बालकवी त्याच वर्षी ५ मे रोजी रेल्वे अपघातात गेले. सप्टेंबरपासून वर्षअखेरपर्यंत इन्फ्लुएन्झाच्या साथीने देशभर थैमान घातले आणि मध्यप्रांत व वऱ्हाड हा तिचा सर्वांत जबर तडाखा बसलेल्या प्रदेशांपैकी एक होता. गडकरी ज्या मुलखात प्रकृती सुधारण्यासाठी आले, तो मुलूख स्वतःच एका मोठ्या आजारपणातून उठत होता.

सावनेर हे नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या वाटेवरील, कापूस आणि संत्र्यांच्या मुलखातील गाव. हिवाळ्यात येथील हवा कोरडी आणि थंड असते. पुण्या-मुंबईच्या नाट्यव्यवसायापासून ते सर्वार्थाने दूर होते. गडकऱ्यांचे लेखन आजवर गजबजाटात झाले होते. मंडळींचे बिऱ्हाड, नटांच्या बैठका, मित्रांच्या गप्पा आणि मालकांचे तगादे हे त्यांच्या नाटकांचे नैसर्गिक पर्यावरण. सावनेरात यांपैकी काहीच नव्हते. तालीम नव्हती, रंगपट नव्हता, वाचून दाखवले की दाद देणारा नट समोर बसलेला नव्हता.

तरीही नाटक पुढे गेले, कारण ते ज्यांच्यासाठी लिहावयाचे होते त्यांचे आवाज लेखकाच्या कानांत होते. १९१८ मध्येच मास्टर दीनानाथ मंगेशकर, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून बळवंत संगीत मंडळीची स्थापना केली होती. ही तरुण मंडळी गडकऱ्यांच्या निकट परिचयातील होती. नव्या संस्थेला स्वतःचे म्हणता येईल असे नवे नाटक हवे होते, आणि ‘भावबंधन’ हे त्या गरजेचे उत्तर होते. पुढे लतिका दीनानाथांनी आणि घनश्याम चिंतामणरावांनी रंगवला. या भूमिकांचा पिंड या नटांना किती जवळचा आहे हे पाहिले की, सावनेरच्या खोलीतील लेखक एकटा नव्हता, तो मनातल्या मनात तालीम घेत होता, असे म्हटल्यावाचून राहवत नाही. बालनटांचा शिक्षक म्हणून सुरू झालेला व्यवसाय असा अखेरपर्यंत त्याच्या सोबतीस होता.

५

आता निवडीचा प्रश्न. गडकऱ्यांच्या हाती ‘राजसंन्यास’ होते. छत्रपती संभाजी महाराजांच्या जीवनावरील या ऐतिहासिक शोकनाट्याचे जे प्रवेश उपलब्ध आहेत, ते त्यांच्या भाषाप्रभुत्वाचे टोक दाखवतात. कीर्तीचा विचार करणाऱ्या लेखकाने उरलेले आयुष्य अशा भव्य कृतीवर खर्च केले असते. गडकऱ्यांनी उरलेले बळ ‘भावबंधन’कडे वळवले. एका नव्या संस्थेचे भवितव्य ज्या नाटकावर अवलंबून होते ते पुरे झाले आणि ज्यावर केवळ स्वतःची थोरवी अवलंबून होती ते बाजूस राहिले.

या निवडीमागे व्यवहारही होता, हे नाकारण्याचे कारण नाही. त्या काळच्या नाटककाराला नाटक पुरे केल्यावाचून दुसरा आधार नसे. तथापि केवळ अर्थार्जन हे कारण मानले तर चित्र अपुरे राहते. जो माणूस तालमीच्या जगात वाढला त्याला ठाऊक असते की, अपुरे नाटक म्हणजे तीस-चाळीस माणसांचा थांबलेला संसार. विश्रांतिकाळाने गडकऱ्यांना नवी कल्पना पुरवली असे दिसत नाही. कोणत्या कामाला आधी हात घालावयाचा हे मात्र त्या काळाने त्यांना ठरवावयास लावले.

६

आजारपणाचा ठसा ‘भावबंधन’मध्ये शोधण्याचा मोह अभ्यासकाला होतो. लतिकेने केलेल्या अपमानाचा डंख मनात ठेवून सूडास प्रवृत्त झालेला घनश्याम अखेरीस पश्चात्तापाकडे वळतो. मृत्यूच्या दारी उभ्या असलेल्या लेखकाने आपल्या खलपुरुषालाही क्षमा केली, असा अर्थ लावणे सोपे आहे. परंतु ‘पुण्यप्रभाव’मधील वृंदावनाचेही हृदयपरिवर्तनच होते, आणि ते नाटक १९१६ चे आहे. म्हणजे खलपुरुषाच्या मनात चांगुलपणाला जागा ठेवणे हा गडकऱ्यांच्या जीवनदृष्टीचा जुना भाग होता.

याच्या उलट बाजूनेही पाहावे. गडकऱ्यांची सर्वांत काळोखी कृती कोणती, तर ‘एकच प्याला’. सुधाकर आणि सिंधू यांचा संसार ज्या निर्दयपणे तेथे कोसळतो, तसा कोसळणारा संसार ‘भावबंधन’मध्ये नाही. अथपासून इतिपर्यंत अंधारात उतरणारे नाटक सावनेरास येण्यापूर्वी लिहून झाले आणि महेश्वर-कामण्णांसारख्या पात्रांना खेळवणारे सुखान्त नाटक मृत्युशय्येवर पुरे झाले. लेखकाच्या देहाची अवस्था आणि त्याच्या कृतीचा स्वर यांचा थेट संबंध जोडणाऱ्या चरित्रात्मक समीक्षेला हे उदाहरण चांगलाच शह देते.

जागतिक रंगभूमीवरील दोन उदाहरणे येथे सहज आठवतात. क्षयानेच जर्जर झालेल्या चेकॉव्ह यांनी याल्टा येथे राहून मॉस्को आर्ट थिएटरसाठी ‘चेरी ऑर्चर्ड’ लिहिले; ते जानेवारी १९०४ मध्ये रंगभूमीवर आले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये लेखकाचे निधन झाले. आपले हे नाटक सुखात्मिका आहे असा चेकॉव्ह यांचा आग्रह होता. त्याही आधी, १६७३ मध्ये, मोलिएर यांनी आपण आजारी आहोत अशा भ्रमात जगणाऱ्या माणसावर प्रहसन लिहिले, त्यात स्वतः भूमिका केली आणि चौथ्या प्रयोगानंतर काही तासांतच देह ठेवला. तिघांच्या काळात, भाषेत आणि गुणवत्तेत पुष्कळ अंतर आहे. परंतु तिघेही नाटकमंडळीचे लेखक होते, आणि तिघांनीही अखेरीस हसण्याला जागा असलेले नाटक मंडळीच्या हाती ठेवले, हे साम्य मनोरंजनापेक्षा अधिक काही सुचवते. हास्यरसाची रचना ही मोजून-मापून, इतरांचा विचार करून करावयाची गोष्ट आहे. दुःख एकट्याने भोगता येते. हशा मात्र दुसऱ्यावाचून घेता येत नाही. रोगाने ज्याला खोलीत एकटे पाडले आहे, त्याला विनोदी प्रवेश लिहिताना पुन्हा भरलेल्या प्रेक्षागृहात जाता येते.

७

२३ जानेवारीनंतर अठ्ठाविसाव्या दिवशी, २० फेब्रुवारी १९१९ रोजी, बडोदे येथे गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग केला. बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर पाहावयास नाटककार नव्हता. ‘भावबंधन’ही त्याच्या पश्चातच रंगभूमीवर आले आणि बळवंत संगीत मंडळीला त्याने खरोखरच उभे केले. ‘वाग्वैजयंती’ हा कवितासंग्रह १९२१ मध्ये ग्रंथरूपाने आला. आज आपण ज्यांना गडकरी म्हणून ओळखतो, त्या कीर्तीचा मोठा भाग त्यांनी स्वतः पाहिलाच नाही.

अपुऱ्या ‘राजसंन्यास’चे प्राक्तन निराळे ठरले. त्यातील संभाजी महाराजांच्या चित्रणावर आक्षेप घेतले गेले आणि जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातील गडकऱ्यांचा पुतळा हटवून नदीत टाकण्यात आला. त्या वादाचा परामर्श हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. येथे नोंदवावयाचे ते एवढेच की, ज्या नाटकाचा शेवट लेखकाने लिहिला नाही, त्याच्या व्यक्तिरेखेवर जो निर्णय दिला जातो, तो बाजूने असो वा विरुद्ध, अपुऱ्या पुराव्यावर दिलेला निर्णय असतो. एक कृती पुरी करणे आणि दुसरी अपुरी ठेवणे या सावनेरच्या निवडीचे परिणाम असे शंभर वर्षांपर्यंत पोहोचले आहेत.

८

उपरोक्त विवेचनावरून काय निष्पन्न होते? आजार हा प्रतिभेचा दाता आहे, ही समजूत गडकऱ्यांच्या बाबतीत तरी टिकत नाही. आजाराने त्यांच्याकडून नेले ते पुष्कळ : दोन अपुरी नाटके, कदाचित तीस वर्षांचे लेखन, आणि घरच्या माणसांच्या वाट्याला येऊ शकले असते ते स्वास्थ्य. विश्रांतीसाठी मिळालेल्या काळात त्यांनी विश्रांती घेतली असती तर काय झाले असते, हा प्रश्न हळवेपणा टाळूनही विचारावयास हवा. आणि औषधच नसलेल्या त्या काळात विश्रांतीनेही फार काही हाती लागले नसते, हे त्याचे उत्तरही तितक्याच कोरडेपणाने स्वीकारावयास हवे.

त्या रिकामपणाने गडकऱ्यांना दिले ते थोडेसेच. भोवतीचा गजबजाट संपवला, हातातील कामांचा क्रम ठरवावयास लावला आणि उरलेल्या दिवसांची मोजदाद समोर ठेवली. बाकी सर्व, म्हणजे भाषा, पात्रे, नटांचे आवाज आणि हास्याची जाण, ही बारा वर्षांच्या रंगभूमीवरील उमेदवारीची मिळकत होती. सावनेरची कामगिरी ही रिकामपणाची नव्हे, तर त्या रिकामपणात उपयोगी पडलेल्या आधीच्या कामाची कामगिरी आहे.

म्हणून विद्यार्थ्यांना ‘भावबंधन’ शिकवताना शेवटच्या रात्रीची हकीकत अवश्य सांगावी. पण तेथे थांबू नये. लेखणी खाली ठेवल्याच्या क्षणापेक्षा ती आधीचे कित्येक दिवस कशी चालू राहिली, हा अधिक अभ्यसनीय विषय आहे. सावनेर नागपूरपासून फार लांब नाही. तेथे जाऊन आलेल्या विद्यार्थ्याने परतल्यावर त्या नाटकाचा पाचवा अंक पुन्हा वाचावा आणि लेखकाच्या दुखण्याची खूण त्यात कोठे दिसते का, हे स्वतः पडताळून पाहावे. ती सहजासहजी सापडणार नाही, आणि ती न सापडणे हेच त्या विश्रांतिकाळाचे यश मानावे लागेल.